इस्पितळाबाहेरचीं माणसें

एखाद्या गांवांतील लोकांची प्रकृति कशी आहे हें ठरविण्यासाठीं कोणी त्या गांवच्या इस्पितळांत गेला, तेथील खाटा मोजल्या, आणि बाहेर येऊन 'या गांवांत निरोगी माणूसच नाहीं' असें त्यानें जाहीर केलें, तर ऐकणारे हंसतील. परंतु मनुष्यसमाजाच्या एका गटाविषयीं विद्वानांनीं कित्येक दशकें नेमकें हेंच गणित केलें, आणि तें ऐकून कोणी हंसलें नाहीं. उलट त्या गणिताच्या आधारावर जुने कायदे टिकून राहिले, लोकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि कित्येक तरुण मुलामुलींना उपचाराच्या नांवाखालीं यातना भोगाव्या लागल्या. तो गट म्हणजे समलिंगी स्त्री-पुरुषांचा. ज्यांच्या प्रीतीचा ओढा आपल्याच लिंगाच्या व्यक्तीकडे असतो अशा माणसांचा. ही चूक कशी झाली, ती कोणत्या उपायानें उघडकीस आली, आणि उपेक्षितांची सेवा करूं इच्छिणाऱ्या कार्यकर्त्यानें तिजपासून काय शिकावें, याचा विचार या भाषणांत करावयाचा आहे.

सन 1950 च्या सुमारास अमेरिकेची स्थिति काय होती, तें प्रथम पाहिलें पाहिजे. तेथील मनोवैद्यांच्या संघटनेनें 1952 सालीं मानसिक विकारांची आपली पहिली अधिकृत यादी प्रसिद्ध केली. तींत समलिंगी आकर्षणाची गणना व्यक्तिमत्त्वाच्या विकारांत केलेली होती. पुढच्याच वर्षीं अध्यक्ष आयसेनहौअर यांनीं काढलेल्या हुकुमांत 'लैंगिक विकृति' हें केंद्र सरकारच्या नोकरींतून दूर करण्याचें एक कारण म्हणून नमूद झालें. अशा संबंधांना शिक्षा सांगणारा कायदा तर त्या वेळीं तेथील प्रत्येक राज्यांत होता. अशा स्थितींत जो शहाणा तो गप्प बसे. डॉक्टरांकडे जात ते मनानें खचलेले. पोलिसांच्या हातीं लागत ते दुर्दैवी. आणि ज्यांचें बरें चाललें होतें ते शेजाऱ्यालाही पत्ता लागूं देत नसत. शास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडत ते पहिल्या दोन प्रकारचेच, आणि तेवढ्यांवरून नियम बांधला गेला कीं, हे सर्व लोक मनोरुग्ण होत. नियमामुळें भीति वाढली, भीतीमुळें मौन वाढलें, आणि मौनामुळें त्या नियमास बाध आणणारा पुरावा कधीं पुढें येईना. असें हें रहाटगाडगें अखंड चाललें होतें.

तें थांबविण्यास आरंभ एका स्त्रीच्या हातून झाला. इव्हेलिन हूकर यांचा जन्म 1907 सालीं नेब्रास्का राज्यांत एका मोठ्या व गरीब कुटुंबांत झाला. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची मानसशास्त्रांतील डॉक्टरेट त्यांनीं 1932 मध्यें मिळविली. ऐन तारुण्यांत क्षयानें त्यांना गांठलें व बराच काळ आरोग्यधामांत काढावा लागला. पुढें 1937 सालीं शिष्यवृत्ति मिळून त्या बर्लिनला गेल्या, आणि तेथें एका यहुदी कुटुंबांत राहिल्या. एखाद्या जमातीला आधीं शब्दांनीं आणि मग कायद्यांनीं माणसांतून उठविण्याचा उद्योग कसा चालतो, हें हिटलरच्या राज्यांत त्यांनीं जवळून पाहिलें. ज्या कुटुंबानें त्यांना आपल्या घरांत ठेवून घेतलें होतें, त्याचा पुढें छळछावण्यांत अंत झाला. दहा तोंडांनीं एकच गोष्ट सांगितली म्हणजे ती सत्य ठरते असें नव्हे, हा धडा घेऊनच बाई मायदेशीं परतल्या.

परतल्यावर त्या लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बहिःशाल विभागांत शिकवूं लागल्या. सॅम फ्रॉम नांवाचा एक बुद्धिमान विद्यार्थी त्यांच्या वर्गांत होता. ओळख वाढली, घरोबा झाला. आणि बाईंवर भरंवसा बसल्यावर आपण समलिंगी आहों ही गोष्ट त्यानें व त्याच्या मित्रांनीं त्यांच्यापासून लपवून ठेवली नाहीं. एके दिवशीं त्यानें त्यांच्यापुढें सरळ मागणीच मांडली. तिचा आशय असा कीं, आमच्यासारख्यांचा शास्त्रीय अभ्यास तुम्हीं केला पाहिजे. आम्हांला वैद्याची गरज पडलेली नाहीं, आणि असे आम्ही पुष्कळ आहों. तुम्ही आम्हांला ओळखतां, म्हणून हें तुमचें कर्तव्यच आहे. बाई प्रथम कचरल्या. स्नेह्यांचा अभ्यास तटस्थपणें कसा करावा, ही अडचण लहान नव्हती. परंतु त्यांनीं ज्या सहकाऱ्याचा सल्ला घेतला, त्यानें आग्रहच धरला. कारण मानसशास्त्राला तोंवर ठाऊक होते ते केवळ रुग्ण. येथें ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, या संशोधनाचा प्रश्न संशोधकाच्या डोक्यांतून निघालेला नव्हता. ज्यांच्याविषयीं तो होता त्यांनींच तो विचारला होता.

मध्यंतरीं कांहीं वर्षें गेलीं, आणि 1953 सालीं तेथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेकडून या कामासाठीं त्यांना अनुदान मिळालें. प्रयोगाची आखणी साधी होती. साधेपणांतच तिचें बळ होतें. 30 समलिंगी आणि 30 भिन्नलिंगी पुरुष निवडावयाचे. वय, बुद्ध्यंक व शिक्षण पाहून दोन्ही गटांतील एकेकाची जोडी लावावयाची. आणि मानसोपचार घेत असलेला मनुष्य कोणत्याच गटांत घ्यावयाचा नाहीं. समलिंगी पुरुष मॅटाशीन सोसायटी या त्या काळच्या संघटनेच्या आणि स्नेह्यांच्या ओळखीनें मिळाले. मौज अशी कीं, भिन्नलिंगी पुरुष मिळविणेंच अधिक जड गेलें! या विषयाशीं आपलें नांव जोडलें जाईल, या धास्तीनें त्यांतले कित्येक मागें सरले.

चाचण्या कोठें घ्याव्या, हाही प्रश्न होता. विद्यापीठाच्या खोलींत कोण आलें व कोण गेलें हें दहा जणांना दिसतें. आणि नुसतें दिसणेंही त्या काळीं एखाद्याच्या पोटावर पाय येण्यास पुरेसें होतें. म्हणून बाईंनीं आपल्या घरच्या बागेंतील स्वतंत्र खोली या कामाला दिली. तेथें एकेक जण येई, मोकळेपणानें बसे, आणि त्याच्या तीन प्रकारच्या चाचण्या होत. शाईच्या डागांत काय दिसतें तें सांगावयाचें, ही रोर्शाक यांची चाचणी. चित्र पाहून त्यावर गोष्ट रचावयाची, ही दुसरी. आणि कागदी आकृत्या मांडून एखादा प्रसंग उभा करावयाचा, ही तिसरी. मनांत खोल दडलेला विकार या चाचण्यांतून डोकावल्यावांचून राहत नाहीं, अशी तज्ज्ञांची तेव्हां खात्री होती.

उत्तरांवरील नांवें व ओळखीच्या खुणा काढून टाकून तीं ब्रुनो क्लॉफर, मॉर्टिमर मेयर आणि एडविन श्नाइडमन या तीन नामांकित तज्ज्ञांकडे दिलीं. मानसिक स्वास्थ्याच्या पांच पायऱ्या कल्पून प्रत्येकाला कोणत्या पायरीवर बसवावें, हें त्यांनीं आधीं सांगावयाचें होतें. पुढें जोडीजोडीनें कागद देऊन, या दोघांत समलिंगी कोण तें ओळखा, असें त्यांना सांगण्यांत आलें. स्वास्थ्याच्या मोजमापांत दोन्ही गट सारखेच उतरले. दोहोंतीलही सुमारें दोन तृतीयांश माणसें मधल्या किंवा तिच्याहून वरच्या पायरीवर होतीं. ओळखण्याचें म्हणाल तर नाणें उडवून छापा-कांटा केला असता, तरी उत्तरें जितकीं बरोबर आलीं असतीं, त्याहून तज्ज्ञांना कांहीं अधिक साधलें नाहीं. ज्यांनीं आयुष्यभर विकार ओळखण्याचें काम केलें, त्यांना तो येथें सांपडला नाहीं. कारण तो तेथें नव्हताच. हा निकाल बाईंनीं 1956 सालीं शिकागो येथें मानसशास्त्रज्ञांच्या परिषदेपुढें ठेवला व 1957 सालीं तो छापून प्रसिद्ध झाला.

बाईंनीं आपल्या निष्कर्षाचा डांगोरा पिटला नाहीं. सर्व समलिंगी माणसें सुखी व स्वस्थ असतात, असें त्यांनीं कोठेंही म्हटलें नाहीं. दुःखी माणसें दोन्हीकडे आहेत, आणि स्वस्थ माणसेंही दोन्हीकडे आहेत; समलिंगी आकर्षण या नांवाचा निराळा रोग मात्र नाहीं, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें. परंतु एवढ्यानें प्रश्नाचें तोंडच फिरलें. माणूस खचलेला आढळला, तर तो समलिंगी आहे म्हणून खचला, असें आतां म्हणतां येईना. मग तो कशानें खचला? घरानें टाकल्यामुळें? नोकरी जाण्याच्या भीतीमुळें? आठही प्रहर खोटें वागावें लागल्यामुळें? रोगाचें मूळ माणसांत शोधणारी दृष्टि येथून त्याच्या भोंवतालाकडे वळली.

समाजसेवेच्या शास्त्रानें ही दृष्टि फार पूर्वींच सांगितली होती. त्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकीं एक, मेरी रिचमंड, यांचा 'सोशल डायग्नोसिस' हा ग्रंथ 1917 सालचा. मनुष्याची अडचण त्याच्या परिस्थितीसह तपासली पाहिजे, केवळ त्याच्या स्वभावावर बोट ठेवून भागत नाहीं, ही त्यांतील मुख्य शिकवण होय. दारिद्र्याच्या बाबतींत समाजसेवकांना ती पटली. समलिंगी माणसांच्या बाबतींत मात्र त्यांनींही वैद्यांचाच शब्द प्रमाण मानला. वैद्यानें रोग म्हणावें आणि सेवकानें रोगी म्हणावें, असा क्रम पडून गेला. मग सेवा म्हणजे काय? तर त्या माणसास इस्पितळाची वाट दाखविणें! तेथें विजेचे झटके आणि ओकारी आणणारीं औषधें देऊन मनाचा ओढा बदलण्याचे प्रयत्न होत. ओढा बदलला नाहीं. माणसें मात्र मोडलीं. हेतु चांगला असला तरी चुकलेल्या ज्ञानावर उभारलेली सेवा किती क्रूर होऊं शकते, याचा हा दाखला आहे.

हूकरबाईंच्या कार्याचें फळ हळूहळू दिसूं लागलें. 1967 सालीं सरकारच्या त्याच मानसिक आरोग्य संस्थेनें या विषयावर एक समिति नेमली आणि तिचें अध्यक्षपद बाईंना दिलें. 1973 च्या डिसेंबरांत अमेरिकन मनोवैद्यांच्या संघटनेनें समलिंगी आकर्षण विकारांच्या यादींतून वगळलें. 1977 सालीं तेथील समाजसेवकांच्या राष्ट्रीय संघटनेनें समलिंगी व्यक्तींच्या हक्कांसंबंधीं आपलें पहिलें धोरण जाहीर केलें. आणि 1990 सालीं जागतिक आरोग्य संघटनेनेंही हाच निर्णय घेतला. 1996 सालीं बाई वारल्या, तेव्हां त्यांच्या बागेंतील खोलींत सुरू झालेलें काम साऱ्या जगाचें झालें होतें.

तथापि त्या कामांतही एक उणीव राहिली होती, आणि ती सांगितल्यावांचून हा धडा पुरा होत नाहीं. बाईंच्या साठ माणसांत स्त्री एकही नव्हती. ज्या संघटनेच्या ओळखीनें माणसें मिळालीं ती मुख्यतः पुरुषांची होती. समलिंगी स्त्रियांवर मानसशास्त्रीय अभ्यास पुढें झाले. ब्रिटनमध्यें जून हॉपकिन्स यांचा अभ्यास 1969 सालीं प्रसिद्ध झाला, आणि तोही या स्त्रियांना मनोविकृत ठरवीत नाहीं. यांतून दिसतें तें हें कीं, उपेक्षितांतही अधिक उपेक्षित असतात. एका बंद दारापर्यंत पोहोंचलें म्हणजे काम संपत नाहीं. त्याच्या आंत आणखी एक बंद दार असतें.

हें आंतलें दार भारतांत फारच घट्ट लागलेलें होतें. 1860 च्या दंडसंहितेच्या 377 व्या कलमानें इंग्रजी अमदानींत येथेंही अशा संबंधांना गुन्हा ठरविलें, आणि कायद्याबरोबर मौनही आलें. महाराष्ट्रांत तें मौन मोडूं पाहणारे पहिले धीट गृहस्थ म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. 1927 पासून चालविलेल्या आपल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकांत ते वाचकांच्या लैंगिक शंकांना शास्त्रीय उत्तरें देत. हस्तमैथुन व समलिंगी संबंध यांविषयींच्या अशाच उत्तरांवरून 1934 सालीं त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्यांची बाजू कोर्टांत मांडली. तरीही कर्व्यांना दंड झालाच. विचारणाऱ्यानें विचारलें आणि जाणत्यानें उत्तर दिलें, एवढाच तो अपराध!

त्यानंतर दोनच वर्षांनीं, 1936 मध्यें, मुंबईस नागपाडा येथें समाजसेवेचें शिक्षण देणारी देशांतील पहिली संस्था निघाली. तीच पुढें टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या नांवानें प्रसिद्धीस आली. समलिंगी स्त्रियांना भारतांत कोणत्या प्रकारची हिंसा सोसावी लागते, याचा बीना फर्नांडिस व गोमती एन. बी. यांनीं केलेला अभ्यास याच संस्थेंतून 2003 सालीं बाहेर पडला. त्यानें कार्यकर्त्यांचें लक्ष एका अवघड जागेकडे वेधलें. ती जागा रस्ता नव्हे, कचेरी नव्हे. ती जागा घर. कोंडून ठेवणें, मारणें, शिक्षण तोडणें, मनाविरुद्ध लग्न लावणें, वैद्याकडे वा मांत्रिकाकडे नेणें, हे प्रकार परक्याकडून होत नाहींत. ते आपल्याच माणसांकडून, आणि पुष्कळदां मुलीचें भलें करावयाचें म्हणून होतात. पुरुष निदान घराबाहेर पडून आपल्यासारख्यांना शोधूं शकतो. मुंबईंत 1994 सालीं निघालेला हमसफर ट्रस्ट किंवा पुण्यांत 2002 सालीं निघालेला समपथिक ट्रस्ट यांच्या दारापर्यंत तो पोहोंचूं शकतो. जिच्या हातांत बसभाड्याचे पैसेही नाहींत, तिनें कोणत्या दाराशीं जावें?

कायदा आतां पालटला आहे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करण्यास मनाई केली. 6 सप्टेंबर 2018 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें प्रौढांच्या परस्परसंमतीनें घडणाऱ्या खासगी संबंधांपुरतें 377 वें कलम रद्द ठरविलें, आणि 1 जुलै 2024 पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत तें कलमच उरलेलें नाहीं. समलिंगी विवाहास कायद्याची मान्यता देण्याचें मात्र सर्वोच्च न्यायालयानें 2023 सालीं नाकारलें. कायदा गुन्हेगार म्हणत नाहीं, पण कुटुंबही म्हणत नाहीं, अशा मधल्या उंबरठ्यावर हीं माणसें उभीं आहेत.

या उंबरठ्यावरच मद्रास उच्च न्यायालयांत 2021 सालीं एक प्रकरण आलें. मदुराईच्या दोन तरुणी एकमेकींसह राहण्यासाठीं घर सोडून चेन्नईस आल्या होत्या. आईबापांनीं मुली हरवल्याच्या तक्रारी दिल्या, आणि पोलिसांच्या चौकशीपासून संरक्षण मागत त्या न्यायालयाच्या दारीं गेल्या. न्यायमूर्ति आनंद व्यंकटेश यांनीं तेव्हां जें केलें तें विरळा होय. या विषयाचें आपलें ज्ञान अपुरें असल्याचें त्यांनीं उघडपणें मान्य केलें, एका मानसशास्त्रज्ञांकडे शिकावयास जाण्याची इच्छा प्रकट केली, आणि तसें शिकून आल्यावरच आदेश दिला. त्या मुलींना आणि त्यांच्या आईबापांनाही सल्लागाराकडे पाठविलें होतें. पुढें 7 जून 2021 च्या आदेशांत त्यांनीं पोलीस, शाळा व वैद्य यांच्यासाठीं सूचना केल्या, आणि 'बरें' करण्याच्या नांवाखालीं चालणाऱ्या उपचारांस मनाई केली. त्याला अनुसरून 2022 मध्यें राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें असे उपचार हें वैद्यांचें गैरवर्तन ठरविलें. निवाडा देण्याचा अधिकार हातीं असतांना आधीं विद्यार्थी होणें, हीच हूकरबाईंची रीत होती. लॉस एंजेलिसच्या बागेंतील खोलींत आणि चेन्नईच्या न्यायासनावर ती सारखीच फळास आली.

परंतु प्रत्येक मुलीच्या वांट्याला असे न्यायमूर्ति येत नाहींत. बहुतेकींच्या वांट्याला येतो तो एखाद्या वस्तींतला, दवाखान्यांतला किंवा महाविद्यालयांतला समाजसेवक. वडील मुलीला घेऊन येतात, खुर्चीच्या कडेवर बसतात आणि म्हणतात, "हिला जरा समजवा. हिच्या डोक्यांत भलतेंच शिरलें आहे." मुलगी खालीं मान घालून बसलेली असते. सेवकाची खरी परीक्षा येथें होते. वडिलांवर रागावणें सोपें आहे, आणि त्यांच्या बाजूनें मुलीला चार शब्द सुनावणें त्याहूनही सोपें आहे. दोहोंनीं मुलीचें भलें होत नाहीं.

अशा वेळीं करावयाचें तें थोडें व स्पष्ट आहे. प्रथम मुलीला एकटीला भेटावें, आणि ती सांगेल तें तिच्या परवानगीवांचून बाहेर जाणार नाहीं, असें तिला सांगावें. आणि ज्या प्रसंगीं जिवाच्या धोक्यामुळें हा शब्द पाळतां येणार नाहीं, तो प्रसंगही आधींच सांगून ठेवावा. तिला कोंडतात काय, मारतात काय, लग्नाची तारीख धरली आहे काय, जीव देण्याचे विचार मनांत येतात काय, हें शांतपणें विचारावें. ती स्वतःला काय म्हणते तें तिलाच ठरवूं द्यावें; आपल्या पुस्तकांतील शब्द तिच्यावर लादूं नये. आईबापांना निराळें भेटावें. त्यांच्या भीतीलाही जागा द्यावी, कारण 'लोक काय म्हणतील' या तीन शब्दांखालीं मुलीच्या म्हातारपणाची काळजीही दबलेली असते. हा रोग नाहीं, आणि यावर औषध नाहीं, हें मात्र त्यांना आडपडदा न ठेवतां सांगावें. एवढें करूनही घर निवळेल असें नाहीं. म्हणून मुलगी सज्ञान असेल, तर तिच्या कायदेशीर हक्कांची आणि सुरक्षित आसऱ्याची माहिती सेवकानें आधींच जमवून ठेवलेली असावी. प्रसंग आल्यावर शोधाशोध करूं नये.

हीच गोष्ट संशोधकालाही लागू आहे. जीं माणसें सहज हातीं लागतात, त्यांच्यावरून न लागणाऱ्यांविषयीं नियम बांधूं नये. जेथें तीं भीतीवांचून बसूं शकतील अशी जागा आधीं तयार करावी, आणि मग प्रश्न विचारावे. बागेंतील ती खोली आणि तेथें मिळालेला विश्वास नसता, तर त्या चाचण्यांना कोणी उत्तरेंच दिलीं नसतीं.

समाजसेवकाच्या टेबलावर नोंदवही असते. तींत पहिली ओळ बहुधा मुलीला घेऊन येणाऱ्याच्या शब्दांत लिहिली जाते. दुसरी ओळ त्या मुलीच्या स्वतःच्या शब्दांत लिहिली जाईपर्यंत त्यानें तें पान उलटूं नये.